सरलाकाकूंचे मिटलेले डोळे

मी एक जुना रिक्लायनर आहे, मित्रांनो. पाठ मागे रेलते, पाय वर उचलले जातात, अशी मोठी आरामखुर्ची. एका अमेरिकन आजोबांकडे मी टीव्हीसमोर उमर घालवली. ते गेल्यावर त्यांच्या लेकीने मला गराज सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान दारात विकतात तिथे, मांडलं आणि सांता क्लारातली अस्मिता मला घरी घेऊन आली. ते २००३ साल होतं. तिची नोकरी गेली होती आणि ती संमोहनाने उपचार करायला शिकत होती. सर्टिफिकेट हवं तर आधी खऱ्या माणसांवर सराव करावा लागे. म्हणून मी आलो.

मग काय, अख्खं महाराष्ट्र मंडळ माझ्या अंगावर येऊन निजलं. कुणी घोरायचं, कुणी हसू दाबायचं. शेजारच्या सरलाकाकू मात्र नेमाने यायच्या. अमेरिकेला आल्या त्या प्रवासापासून त्यांना विमानाची भयंकर भीती. तिकडे नागपूरला त्यांची आई अंथरुणाला खिळलेली आणि इकडे या तिकीट काढून कॅन्सल करत बसलेल्या.

अस्मिता हळू आवाजात म्हणायची, "काकू, हात जड झालेत. विमान वर चाललंय. तुम्ही शांत आहात." काकूंचा चेहरा पूजेला बसल्यासारखा शांत. टाचा मात्र माझ्यात अशा रुतायच्या की माझ्या स्प्रिंगा कळवळायच्या. मला सगळं कळत होतं, पण खुर्चीला विचारतो कोण?

"भीती गेली गं माझी," काकू उठताना म्हणायच्या.

अस्मिताला सर्टिफिकेट मिळालं. पेढे वाटून झाले. काकूंनी नागपूरला फोन करून 'निघते' म्हणून कळवलं आणि त्या एअरपोर्टला गेल्या.

त्याच दुपारी त्या पर्स छातीशी धरून दारात उभ्या. विमानाच्या तोंडाशी जाऊन मागे फिरल्या होत्या.

"काकू, पण तुम्ही तर हिप्नोटाइझ व्हायचात ना?"

"नाही गं. नुसती डोळे मिटून पडायचे. एवढी धडपडतेस, माझ्यामुळे तुझं सर्टिफिकेट अडायला नको."

"अहो, मग नंतर तरी सांगायचं!"

"तुझं तोंड उतरलं असतं."

हे ऐकून मी सुन्न झालो. फसवलं तेही मायेपोटी! रागवायचं तरी कुणावर?

त्याच आठवड्यात नागपूरहून काकूंच्या भावाचा फोन आला. आई गेली. काकू माझ्यावर येऊन बसल्या, पण रडल्या नाहीत. अस्मिताने भिंतीवरचं सर्टिफिकेट उतरवलं आणि क्लासला पुन्हा पहिल्यापासून नाव घातलं.

मित्रांनो, माझ्यावर कॉफी सांडू नका, उड्या मारू नका, असं सांगणार होतो. ते राहू द्या. कुणी शिकत असेल तर त्याचं मन राखायला खोटं 'बरं वाटलं' म्हणू नका. जमलं नसेल तर जमलं नाही म्हणा. तो रडेल, चिडेल आणि परत शिकेल. काकू परत फिरल्याचं त्यांच्या आईलाही कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाला, ती शेवटपर्यंत विचारत होती, "सरलाचं विमान कुठवर आलं?"