बटाट्यापुरती माती

घरामागे बटाटे लावताना रूरीचं फावडं खण्णकन वाजलं. वीतभर मातीखाली खडक.

"बटाट्याला एवढी पुरते, पेगी," तो लेकीला म्हणाला, "माणसाला पुरत नाही. मला खाली किनाऱ्यावरच न्यावं लागेल."

"काहीतरीच बोलता, बाबा."

ग्लासगोच्या रुग्णालयात नोकरी मिळाल्याचं पत्र तिच्या खिशात होतं. आज सांगू, उद्या सांगू करत चार दिवस गेले होते. दुसऱ्या सकाळी रूरी उठलाच नाही.

त्याला पुरल्यावर पेगीने ग्लासगोला जायची पेटी भरली, आणि बेटभर बातमी झाली. आठव्या दिवशी त्याचं थडगं हुंदके देऊ लागलं.

सगळं बेट दफनभूमीच्या भिंतीशी लोटलं. गावातल्या टॉर्किलला म्हणे दिव्यदृष्टी होती, मेलेल्यांचं मन कळायचं. तो डोळे मिटून, हात पसरून उभा. "वाडवडलांनी आपले मेलेले समुद्राशेजारी का ठेवले? समुद्राशी करार आहे! मुलीने बेट सोडलं, तर बापाला समुद्र नेईल!"

"ऊऽऽऊ," थडग्यामागून आलं.

"जाऊ नकोस गं पोरी," शेजारची म्हातारी सीना रडत म्हणाली. "बापाला बुडवशील?" आणि टॉर्किलपुढे खारवलेले मासे ठेवले. घरोघरून त्याला मटण, व्हिस्की पोचत होती. दिव्यदृष्टीला भूक फार.

पेगीची पेटी दाराआडच राहिली. दर शुक्रवारी बोट आली, गेली. धक्क्याकडे पाऊल वळलं, तरी खिडक्यांचे पडदे हलायचे. दाव्याच्या शेळीवर लक्ष ठेवावं, तशी माणसं तिच्यावर लक्ष ठेवून होती. आणि तो आवाज ऐकला की तिचेही पाय थिजायचे.

एकदा तिने टॉर्किलला विचारलं, "उद्या बाबा किती वाजता बोलतील?"

"मेलेल्यांचं घड्याळ वेगळं असतं, बाळे. उद्या दोनला ये."

काल सव्वाबारा. आज एक वाजून पाच मिनिटं. उद्या दोनच्या आतबाहेर. रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर. घरी चुलीशेजारी रूरीचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं होतं. तिने त्यावर बोट फिरवलं. मेलेल्यांचं घड्याळ तिच्याच स्वयंपाकघरात होतं.

दुसऱ्या दिवशी गर्दी जमायच्या आधी ती थडग्यामागे गेली. खडकात भेग होती. भेगेत बूड फोडलेली बाटली, तोंड वर करून, चिखलाने घट्ट बसवलेली. खाली समुद्राची गुहा. भरतीचं पाणी आत शिरलं, की कोंडलेली हवा बाटलीतून वर यायची. तिने रूरीची लोकरी टोपी बाटलीवर दाबून बसवली.

दोन वाजले. सव्वादोन. टॉर्किल घसा खाकरत राहिला.

"बाबा आज रुसले का हो?" पेगीने विचारलं.

"तुझ्या अविश्वासाने!"

तिने थडग्यामागे जाऊन बाटलीवरची टोपी काढली. "ऊऽऽऊ!" मग बाटलीच उपसून वर धरली.

सीना पुढे सरसावली. "बाटलीच्या मानेला माझ्या लाल लोकरीची गाठ! मेल्या टॉर्किल, मयताच्या दिवशी ही व्हिस्की मीच दिली होती ना रे तुला?"

"मग समुद्राशेजारी का पुरतात, ते सांग!" टॉर्किल ओरडला.

"फावडं घे आणि माझ्या घरामागे खण, खडक लागेल. बेटभर हेच. माणूस मावेल एवढी खोल वाळू फक्त इथे आहे. रस्ते नव्हते तेव्हा शवपेट्याही होडीनेच यायच्या. करार कसला? सोय होती ती." पेगी लोकांकडे वळली. "पुढच्या वेळी असा आवाज आला, तर रडण्याआधी वेळ लिहून ठेवा. आणि थडग्यामागे जाऊन बघा. मीही इतके दिवस बघितलं नाही."

पेगी थडग्यापाशी बसली. खिशातलं पत्र चुरगळलं होतं.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मला जायचंय. तुम्ही होतात, तेव्हाही जायचं होतं."