तान्ह्यांची रांग

नाथाजी गेला आणि कोरेगावजवळच्या त्या मसणवट्याची राखण आपसूक त्याच्या लेकीकडे, बनुबाईकडे आली. ती मागायला दुसरं कुणी आलंच नाही.

गावात मोठ्यांना जाळत, तान्ह्यांना पुरत. खड्डा खणायचा, वर बाभळीच्या फांद्या रचून कोल्ह्यांना दूर ठेवायचं, हे नाथाजीनं तीस वर्षं केलं. प्रत्येकाच्या उशाला ओढ्यातला एक गोटा. नाव नाही, गाव नाही. कोण कुठं निजलंय ते त्या एकट्याला ठाऊक. त्याची स्वतःची राख मात्र माहुलीला नदीत गेली. बापाला हाक मारायची तर तोंड कुणीकडं करावं, हे बनुबाईला कळत नसे.

सन शेहेचाळीसच्या फाल्गुनात एका सकाळी ती पाचोळा लोटत होती. पलटणीतले बूट घातलेला एक गडी बांधावर येऊन उभा राहिला. हातात दुधाचा तांब्या.

"नाथाजीमामा हायत का?"

"न्हाईत. मी त्यांची लेक."

"कुटं गेल्यात?"

"समदी जात्यात तिकडं. म्हैना झाला."

तो गडी तांब्याकडं बघत म्हणाला, "मी लालासाहेब, पल्याडच्या वाडीचा. त्रेचाळीसच्या श्रावणात पोरगं गेलं माझं, नऊ दिसांचं. बारसंबी न्हवतं झालं. मी तवा आफ्रिकेत लढाईवर. आमच्या म्हाताऱ्यानं हितं आणून पुरलं, आता त्योबी न्हाई. बायामानसांनी हितं यायचं न्हाई. लीला, माझी कारभारीन, रोज म्हनती, तुमी तरी जागा बघून या."

बनुबाईच्या तोंडून शब्द फुटण्याआधी हात वर झाला. सगळ्यांत जवळच्या गोट्याकडं बोट करून ती म्हणाली, "त्यो बघा."

लालासाहेबानं बूट काढले. गोट्यापाशी मांडी घालून बसला आणि झोपलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा त्यावर हात ठेवला. "आलो रं," तो म्हणाला, "लय उशीर झाला."

बनुबाई दोन पावलं पुढं आली. तो गोटा माघात तिनंच ओढ्यातून आणला होता. सिद्धू कुंभाराच्या नातीचा. नाथाजीनं खणलेला शेवटचा खड्डा तोच.

"दादा, उठा. त्यो तुमचा न्हवं."

"आन् मगाशी?"

"खोटं बोलले. मला ठावं न्हाई."

"मसणात उभी ऱ्हाऊन खोटं?" तो ताडकन उठला. "झ्याक राखण चाललीया!"

बनुबाईनं ऐकून घेतलं. नवरा गेल्यावर ती तासगावहून माहेरी आली, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. जेवताना बाप सांगायला लागे, अमक्याचं इथं, तमक्याचं तिथं. ती म्हणे, "आवं तात्या, भाकरीवर मढी काढू नगा." तो हसून गप्प बसे. अर्धवट ऐकलेल्यातलं एवढंच तिच्यापाशी उरलं होतं: पोरी, पाडव्याला नवी रांग धरायची, पेरणीला धरतो तशी.

ती एकदम वळली. "ही यंदाची रांग. पाडवा अजून यायचाय. ही गेल्या सालची. आन् ही, त्रेचाळीसच्या पाडव्यापासनं धरल्याली."

तिसऱ्या रांगेत पाच गोटे होते.

"ह्या पाचातलं एक तुमचं. कंचं, ते तात्या संगं घेऊन गेलं. रांग तात्या कुन्या टोकाकडनं धरायचं तेबी मी कवा इचारलं न्हाई."

आता तो पुन्हा बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. पहिल्या गोट्यापाशी वाकून त्यानं दुधाची बारीक धार सोडली, मग दुसऱ्यापाशी. तांब्यात डोकावत, पाचव्याला कमी पडू नये म्हणून हात आखडत, तो रांगेच्या टोकाला पोचला. उरलेलं सगळं तिथं उपडं केलं.

"घरी काय सांगशीला?" बनुबाईनं विचारलं.

"पाच हायत म्हनून सांगतो." त्यानं बुटांतली माती झटकून ते पायात चढवले. "एकटं निजलं आसंल म्हनून रडती ती. एकटं न्हाई म्हनावं."

तो बांध उतरला. बुटांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत बनुबाई खराटा धरून उभी होती.