कोनाची व तू?

अमरावतीत मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर एका प्रश्नाचा. भाजी घ्यायला जा, बँकेत जा, दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसा, कोणीतरी निरखून बघणार आणि विचारणार, "कोनाची व तू?" मी छत्तीस वर्षांची बाई. एम.एस्सी. केमिस्ट्री, बारावीच्या पोरांना क्लासमध्ये शिकवते. नाव दीपमाला. पण नाव कोणालाच नको असतं. मग नाइलाजानं सांगायचं, "धर्मपाल कंपाउंडरची." लगेच समोरचा माणूस खुलतो आणि त्याचा हात आपसूक कमरेखाली जातो, कारण या शहरातले अर्धे लोक माझ्या बापाच्या हातची सुई टोचून घेत मोठे झाले आहेत.

बाबा राजकमल चौकाजवळच्या एका दवाखान्यात आयुष्यभर कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखाना बंद पडला, त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं. बाबांनी ते सगळं नीट पाहिलं होतं, पण आई, म्हणजे इंदूबाई, गेली आणि त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. दवाखाना बंद झाल्याचंही ते विसरले. सकाळी चहा घेतला की इस्त्रीचा शर्ट घालून ड्यूटीवर निघायचे.

मी अडवून पाहिलं. दाराला कुलूप लावलं तर ते आतून हाका मारायचे आणि गल्ली गोळा व्हायची. शेवटी सोडून दिलं. मोबाइलवाल्यानं त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवला होता. तिथे ते दुपारपर्यंत बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याची नाडी बघत, आणि जेवणाच्या वेळी त्याच चौकातला ऑटोवाला गोवर्धन त्यांना घरी आणून सोडी. मला हे आवडत नव्हतं. बापाला सगळ्या गावानं मिळून सांभाळायचं, म्हणजे बापाची प्रत्येक गोष्ट गावाला ठाऊक असायची. आज त्यांनी शर्टाची बटणं खालीवर लावली होती, हे मला भाजीवालीकडून कळायचं. पण दुसरी सोय नव्हती, म्हणून मी गप्प होते.

हे दोन हजार सहा सालचं. त्या वर्षी पेपरात रोज कुठल्या तरी शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी असायची आणि रस्त्यावर लाल दिव्याच्या गाड्या. गावाकडचं बिघडलेलं शहरात पोचायला वेळ लागला नाही. दिवाळीनंतर माझ्या वर्गातली वलगावची आणि चांदूर बाजारची पोरं यायची बंद झाली. पुढचे बाक रिकामे. क्लासच्या मालकानं दोन बॅचची एक केली आणि मला अर्ध्या दिवसाचं काम उरलं.

तेवढ्यात पुण्याच्या एका मोठ्या क्लासमधून मला बोलावणं आलं. माझा धाकटा भाऊ ललित तिथेच असतो, नवव्या मजल्यावर. तो म्हणाला, "ताई, आता विचार करत बसू नको. बाबालेही घेऊन ये. दिवसभर एक बाई ठेवू, दार बाहेरून बंद. हरवायचं टेन्शनच नाई."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. ज्या लिफ्टमध्ये कोणी मान वर करून बघत नाही, अशा लिफ्टची मला फार वर्षांपासून हौस होती. एकदा क्लासमधल्या एका सरांबरोबर ज्यूस प्यायले तर बाबांना संध्याकाळच्या आत कळलं होतं, आणि ते सर घाबरून पुन्हा बोललेसुद्धा नाहीत. अशा गावात बाईनं राहावं कसं?

नोकरी सोडत असल्याचं मी फक्त मालकाला सांगितलं. घरी येते तो शेजारच्या रजियाबी दारात.

"पुन्याले जाऊन राहिली म्हने?"

"हो."

"और साहेबायचं?"

"त्यायलेही नेऊन राहिली."

"नवव्या मजल्यावर?" रजियाबींनी विचारलं. नववा मजला त्यांना कोणी सांगितला, हे मला अजून कळलेलं नाही.

जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. कोणी बडे नेते शेतकऱ्यांची विचारपूस करायला जिल्ह्यात येणार होते. त्यांचा ताफा शहरातून जाणार म्हणून सकाळपासून चौकाचे रस्ते दोर बांधून बंद. बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यातले पोलीस आणलेले. त्यांनी कंपाउंडर साहेबांची सुई कधी घेतलेली नव्हती, त्यामुळे त्यांनी बाबांना दुसऱ्या कोणत्याही म्हाताऱ्यासारखं मागे वळवलं. आणि बाबांना एवढा एकच रस्ता येत होता.

दुपारी मी घरी आले तर रजियाबी पदर डोक्यावर घेऊन रस्त्यातच उभ्या. "साहेब आले नाई, बेटा."

मी मोबाइलवाल्याकडे गेले. स्टूल रिकामा. सरकारी दवाखान्यात पाहिलं, विहारात पाहिलं. जाईन तिथे लोक जमायचे. काय झालं, कधी झालं, शर्ट कोणत्या रंगाचा, एकटं सोडलं काहून? शेवटचा प्रश्न तर प्रत्येकानं विचारला. शोधायला मदत करणारेच होते सगळे, पण मला त्या घटकेला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

तेवढ्यात गोवर्धन ऑटो घेऊन आला. चेहरा एकदम प्रसन्न.

"ताई, काहून घाबरून राहिल्या? पोचवलं ना मी त्यायले."

"कुठी?"

"अकोल्याले."

क्लासमध्ये मी शुद्ध बोलते, पण राग आला की माझी वऱ्हाडी कोणाला आवरत नाही. "अकोल्याले? तुमचं डोकं ठिकानावर हाय का? ज्या मानसाले वार समजत नाई, त्याले तुमी अकोल्याले पाठवलं?"

"आता ऐका तं! त्यायनंच सांगतलं. म्हने, गोवर्धन, मले घरी जाचं हाय, अकोल्याले. सुंदरावहिनी वाट पाहून राहिली. बराबर नाव घेतलं माहं! मले वाटलं, तुमी पुन्याले जाऊन राहिल्या, तं जायच्या आधी साहेब आपल्या लोकायले भेटून येत असतीन. बसमधी समोरची सीट देली, कंडक्टरले सांगतलं, हे आपले कंपाउंडर साहेब हायत, सांभाळून नेजा."

"मले एक फोन कराचा होता!"

"ताई," गोवर्धन खरोखरच गोंधळून म्हणाला, "साहेबायवर कोन शंका घेईन?"

मला रडू आलं ते त्याच्या मूर्खपणानं नाही. गेला महिनाभर बाबांनी माझं नाव घेतलं नव्हतं, आणि याचं बरोबर घेतलं होतं.

मी अकोल्याची बस धरली. तिकीट देताना कंडक्टरनं माझ्याकडे निरखून पाहिलं. मी मनात म्हटलं, विचार आता. त्यानं विचारलंच. मी सांगितल्यावर तो म्हणाला, "साहेब पोचले, मॅडम. आमच्या मानसानं ऑटोत बसवून देलं. काळजी नका करू." मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनात एकच हिशोब चालला होता. पुण्यात हे झालंच नसतं. तिथे दार बंद असतं.

सुंदराबाई म्हणजे बाबांच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीच्या अंगाला बाबा जिथे लहानाचे मोठे झाले, त्याच गल्लीत ती अजून राहते. मी पोचले तेव्हा ओट्यावर ही गर्दी. मधे खुर्चीवर बाबा. भाकर-पिठलं खाऊन झालेलं, ताट बाजूला. एक बाई त्यांना सुजलेला गुडघा दाखवत होती आणि ते फार गंभीरपणे बघत होते. इतके टवटवीत मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

"आली पाहा तुमची लेक," सुंदराबाई म्हणाली.

बाबांनी मान वर केली. दवाखान्यात पेशंटबरोबर आलेल्या माणसाकडे बघावं तसं, अगदी सभ्यपणे, माझ्याकडे पाहिलं.

"कोनाची व तू?"

सुंदराबाईनं खाली पाहिलं. आयुष्यभर या प्रश्नावर मी चिडत आले, आणि तो विचारायचा हक्क जगात ज्या एका माणसाला नव्हता, त्यानं तो विचारला होता.

"धर्मपाल कंपाउंडरची," मी म्हटलं.

बाबांचा चेहरा खुलला. "अस्सं! धर्मपालची? चांगला मानूस हाय थो." मग ते पुढे वाकले आणि आवाज खाली आणला. "पन त्याची पोरगी पुन्याले जाऊन राहिली म्हन्तेत. मंग त्याले कोन पाहीन?"

त्यालाही नेणार आहे ती, एवढंच सांगायचं होतं. खरंही तेच होतं. बाईची सोय झाली होती, तिकिटं आली होती. पण ते उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडे टक लावून बसले होते, आणि मला ते बाहेरून लावलेलं दार दिसलं. त्याच्या आत बसून ते हाच प्रश्न विचारतील आणि ऐकायला पगारी बाईशिवाय कोणी नसेल. मी म्हणून गेले, "नाई जाऊन राहिली ती."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि निवांतपणे पाणी प्यायले.

मी काही ठरवून बोलले नव्हते. लहान पोरांना सुई टोचण्याआधी बाबा म्हणायचे, "काई नाई, मुंगी चावीन फक्त." तसंच ते होतं. माणूस शांत व्हावा म्हणून बोललेलं. मी त्यांना चपला घालून देत होते तेव्हा बाबा पोचले का विचारायला सुंदराबाईच्या फोनवर ललितचा फोन आला आणि ती मोठ्यानं त्याला सगळं सांगत बसली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले. अमरावतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि समोर गोवर्धन उभा.

"तुमाले कसं समजलं, आमी याच बसनं येऊन राहिलो ते?"

"मी दोन बसा पाह्यल्या ना इथी उभा राहून." त्यानं बाबांना हात देऊन ऑटोत बसवलं. "बरं झालं ताई, तुमी पुन्याचं रद्द केलं ते. आमाले सगळ्यायलेच वाईट वाटून राहिलं होतं."

"कोनं सांगतलं रद्द केलं म्हनून?"

"रजियाबीनं. त्यायले पुन्याहून ललितभाऊचा फोन आलता. आन् तुमच्या क्लासचे मालक चौकात भेटले, थे म्हनत होते, मॅडमची बॅच कोनाले देत नाई मंग."

मी अशी भडकले की कानशिलं तापली. बापाची समजूत काढायला अकोल्यात बोललेलं एक वाक्य माझ्याआधी अमरावतीत पोचलं होतं आणि इथे सगळ्यांनी मिळून माझं आयुष्य ठरवूनही टाकलं होतं. पुण्यात हे वाक्य कोणी ऐकलंही नसतं. मी बोलले असते आणि विसरून गेले असते. मी असं काही ठरवलेलं नाही, हे शब्द तोंडात आले होते. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"पुढच्या वेळेस त्यायनं अकोला म्हटलं तरी घरी आनजा. मुंबई म्हटलं तरी घरीच."

"हो ना ताई. घरीच आनीन," गोवर्धन म्हणाला.

मलाच माझं नवल वाटलं. राग होता, तो अजूनही आहे. पण त्याच्याखाली इतकं हलकं वाटत होतं की मला लाज वाटली.

राजकमल चौकात गर्दीमुळे ऑटो थांबला. मोबाइलच्या दुकानासमोर स्टूल तसाच होता. बाबांनी तिकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे.

"कोनाची व तू?"

मी तोंड उघडायच्या आत गोवर्धन पुढून म्हणाला, "धर्मपाल कंपाउंडर साहेबायची पोरगी हाय ना थे."

"थे तं पुन्याले गेली."

"नाई गेली," गोवर्धन म्हणाला.

बाबांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. ते माझ्याकडेच बघत राहिले.

"नाई गेली, बाबा," मी म्हटलं.