पडद्यामागचे मालक

पहाटे चारला पेई-युनने तांदळाच्या पिठात मुळ्याचा कीस कालवला, साचे वाफेवर चढवले आणि सहाला तैवानच्या तैनान शहरातल्या आपल्या वड्यांच्या दुकानाचे शटर उघडले. दुकान तिचे एकटीचे होते. पण कोणी मोठी मागणी घेऊन आले, की "मालकांना विचारून येते" असे सांगून ती पडद्यामागे जाई, वीस आकडे मोजी आणि परत येई. आपल्या एकटीच्या शब्दावर कोण विसंबणार, असे तिला वाटे.

त्या सकाळी एका हॉटेलचे छाईसाहेब रोज दोनशे वड्यांचा करार घेऊन आले. "जमेल का ते आत्ताच सांगा. नाहीतर मी पुढच्या गल्लीत विचारतो."

"मालकांना विचारते," म्हणत ती आत गेली.

बाकावर वडी खात बसलेल्या लो आजी म्हणाल्या, "बसा साहेब. तीन वर्षं येतेय मी इथं, हा मालक एकदा खोकलासुद्धा नाही. गेला असेल तर सांग गं पोरी, उदबत्ती तरी लावू."

आत पेई-युन सतराव्या आकड्यावर थांबली. समोर पिठाचे पिंप होते आणि खुंटीवर तिचाच जुना एप्रन. दोनशे वड्या म्हणजे तीन साचे जास्त आणि अर्धा तास लवकर उठणे. हा हिशेब सांगायला तिथे दुसरे कोणीही नव्हते.

ती बाहेर आली. "काय म्हणाले?" आजींनी विचारले.

"जमेल म्हणाले," ती म्हणाली, आणि करारावरच्या मालकाच्या रकान्यात तिने स्वतःचे नाव लिहिले. छाईसाहेब गेल्यावर तिने पडदा उतरवून धुतला. दुपारी वाळल्यावर तो तिने पिठाच्या पिंपावर पांघरला.