टोपण कोणी लावलं

मुलुंड पूर्वेला, भाजी मार्केटसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, डॉक्टर रुचिरांची रक्त तपासायची लॅब होती. तिथे प्रेमा अठरा वर्षं रक्त काढत होती. दंडाला रबरी पट्टा बांधायची, समोरच्याशी मुलाबाळांचं काहीतरी बोलत राहायची आणि न बघता, नुसत्या तर्जनीच्या टोकाने शीर शोधायची. सुई गेली कधी ते माणसाला कळायचंही नाही. लोक आधी फोन करून विचारायचे, "आज प्रेमाताई आहेत ना?" नसल्या तर उद्या येतो म्हणायचे.

मग तिच्याच मानेत गाठ आली. लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. सहा महिने केमो, नंतर मानेवर रेडिएशन. वर्षभराने कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, "आजार गेला, पेढे वाटा." ती उठून दारापर्यंत गेल्यावर त्यांना आणखी दोन गोष्टी आठवल्या. रेडिएशनमुळे थायरॉईड गेलंय, तेव्हा रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, जन्मभर. आणि केमोमुळे हातापायांच्या नसांना इजा झालीय. भरून येईल. कदाचित नाही येणार.

नाहीच आली. बोटांना आधी मुंग्या आल्या, मग ती बधिर झाली. पायातली चप्पल निसटायची आणि ती तशीच दहा पावलं पुढे जायची. मागून कोणीतरी ओरडलं की कळायचं. अंग सुजल्यासारखं भरलं, भुवया विरळ झाल्या, आवाज घोगरा झाला. भर मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची. शेजारणी म्हणायच्या, "तब्येत मस्त सुधारली गं तुझी!"

तिचा नवरा निलेश वर्षभर डबे घेऊन हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत होता. आता तो थकला होता. एकदा तिच्या हातून डाळीचं पातेलं सुटलं, तेव्हा फरशी पुसता पुसता म्हणाला, "कॅन्सर गेला ना? मग हे काय नवीन? मला तर वाटतं, तुला बरं व्हायचंच नाहीये." तिने रिकामं पातेलं उचलून मोरीत ठेवलं. डाळ पायावर सांडली होती, आणि पाय भाजलाय हे तिला संध्याकाळी फोड दिसला तेव्हा कळलं.

लॅबमध्ये ती परत रुजू झाली ती सगळं लपवून. जाडजूड, हिरव्यागार शिरांचे तरुण पेशंट स्वतः घ्यायची. म्हातारी माणसं, लहान मुलं, अवघड हात आले की काहीतरी निमित्त काढून शीतलकडे पाठवायची. शीतल भांडुपच्या टेकडीवर राहणारी, चोवीस वर्षांची. सुई कशी धरायची हे तिला प्रेमानेच शिकवलं होतं. तिला पहिल्याच आठवड्यात सगळं कळलं, पण ती बोलली नाही. प्रेमाने भरून ठेवलेली रक्ताची प्रत्येक ट्यूब ती जाता जाता उचलायची, टोपण अंगठ्याने दाबून परत ठेवायची.

महिन्याभराने मात्र तिने विषय काढला. "ताई, रुचिरा मॅडमना सांगून टाका ना. त्या तुम्हाला दुसरं काम देतील."

"माझी खुर्ची हवीय का तुला?" प्रेमा म्हणाली.

शीतलचा चेहरा पडला. "मी तसं म्हटलं का?"

त्यानंतर आठ दिवसांनी, सकाळी, एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या डोक्यावर केस नव्हते. उद्या तिची केमो होती आणि रक्ताचा रिपोर्ट आजच्या आज हवा होता. आईने कोणाकडून तरी नाव ऐकलं होतं. "प्रेमाताईच पाहिजेत. दुसऱ्या कोणालाही हात लावू देणार नाही मी."

प्रेमाने पट्टा बांधला. बोट फिरवलं. हाताखाली काहीच नव्हतं, जणू ती रजईवरून शीर शोधत होती. अंदाजाने सुई घातली. रक्त नाही. दुसरी. तिसरी. मुलगी आधी रडली, मग रडायची थांबली आणि प्रेमाकडे नुसती बघत राहिली. चौथ्या वेळी शीतलने न विचारता प्रेमाच्या हातातून सुई काढून घेतली, मुलीच्या मनगटाजवळ बारीकशी शीर शोधली आणि रक्त काढलं. मुलांची ट्यूब छोटी असते, करंगळीएवढी. ती प्रेमाकडे देऊन शीतल मुलीच्या हातावर कापूस दाबत बसली.

प्रेमाने टोपण लावलं. ते बसताना बारीकसा खटका लागतो. तो लागला की नाही, तिला कळलं नाही. तिने ट्यूब ठेवून दिली.

अर्ध्या तासाने ट्यूब आडवी, रिकामी सापडली. टोपण बाजूला पडलं होतं.

मुलीला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावलं. या खेपेला तिला दोघींनी धरलं आणि डॉक्टर रुचिरांनी स्वतः पावलातून रक्त काढलं. ती किंकाळी खाली मार्केटपर्यंत गेली. आई काउंटरवर हात आपटत म्हणाली, "कोणाचं काम हे? मला नाव पाहिजे. नाहीतर सगळ्या ग्रुपवर टाकते तुमच्या लॅबचं."

डॉक्टर रुचिरांनी दोघींकडे पाहिलं. "टोपण कोणी लावलं?"

"रक्त शीतलने काढलं," प्रेमा म्हणाली.

खोटं नव्हतं ते. शीतलने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वाट बघितली. प्रेमा जमिनीकडे बघत होती. "उद्यापासून येऊ नकोस," डॉक्टर रुचिरा शीतलला म्हणाल्या. मग शीतलने एप्रन काढला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. दाराशी थांबून म्हणाली, "अवघड शिरा आता कोणाकडे पाठवणार, ताई?"

पंधरा दिवस निघाले. सोळाव्या दिवशी एका आजोबांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा झाला. डॉक्टर रुचिरांनी प्रेमाला केबिनमध्ये बोलावलं. "डोळे मिटा. हात पुढे करा." ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. "तळव्यावर काय ठेवलंय?"

प्रेमाने बोटं मिटली. "टोपण?"

"उघडा डोळे."

हातात टोपण नव्हतं, काहीच नव्हतं. डॉक्टरांनी ठेवल्यासारखं केलं होतं.

प्रेमाला रडू फुटलं. "मॅडम, त्या दिवशी टोपण मी लावलं होतं. शीतलने नाही."

"माहितीय मला," डॉक्टर रुचिरा म्हणाल्या. "कॅमेरा आहे ना तिथे. त्याच दिवशी बघितलं मी."

"मग तिला..."

"कोणाला तरी काढायलाच लागणार होतं. लोक तुमच्या नावाने यायचे, प्रेमाताई. तिच्या नावाने कोणी येत नव्हतं." त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं. "आता तुमचाही उपयोग नाही. एक तारखेपासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमा भांडुपला गेली. टेकडीच्या पायऱ्या चढताना पाऊल कुठे पडतंय ते बघत, मधे दोनदा बसत, ती शीतलच्या दाराशी पोचली. शीतल घरीच होती. तिने पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"मी मॅडमना खरं सांगितलं," प्रेमा म्हणाली.

"कधी? तुम्हाला काढल्यावर ना?"

प्रेमाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तीन लॅबमध्ये जाऊन आले मी. सगळीकडे तेच. सॅम्पल सांडणारी मुलगी." शीतलने वहीतून एक कागद फाडला आणि स्टुलावर ठेवला. "लिहून द्या. टोपण तुम्ही लावलं होतं. खाली सही करा."

"मोबाईलवर टाइप करून देते ना. मला पेन धरता..."

"तुमच्या हाताने लिहा."

प्रेमा जमिनीवर बसली. पेन बोटांत होतं की नाही ते बघूनच कळत होतं. अक्षरं एकमेकांवर चढत होती, रेघ सोडून खाली घसरत होती. चार ओळींना पाऊण तास लागला. तिला घाम फुटला, मान भरून आली. शीतल चौकटीला टेकून उभी होती. मदत करावी असं तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

तिने कागद उचलून उजेडात धरला. "हे कोणालाही वाचता येणार नाही," ती म्हणाली आणि वहीतलं दुसरं पान फाडलं.

"शीतल, माझ्या हातात खरंच..."

"माहितीय, ताई. सगळ्यात आधी मलाच कळलं होतं." तिने पान स्टुलावर ठेवलं. "लिहा परत."

प्रेमाने दुसऱ्या हाताने बोटं पेनाभोवती वळवली आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.