हिरवा पोपट मातकट निघाला तेव्हा

मी एक जुना, फोटो छापणारा प्रिंटर आहे. मित्रांनो, गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा. या घरातल्या एका माणसावर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट एका चित्रकार बाईंच्या टेबलावर आलो. बाई पक्ष्यांची चित्रं रंगवत आणि माझ्याकडून त्यांच्या प्रती छापून घेत. प्रत्येक कागद शाई वेगळी पितो. म्हणून बाईंनी रंगांचे चौकोन छापून, तपासून, प्रत्येक कागदासाठी संगणकात एक कलर प्रोफाइल बनवलं होतं. कोणत्या कागदावर कोणती शाई किती सोडायची, ते त्यावरून ठरायचं. नणंदबाई म्हणायच्या, "वहिनी, पिसं हाताला लागतील गं!" मी फुशारून जायचो.

मग बाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या खेळांना जागा हवी म्हणून संगणक 'साफ' केला. प्रोफाइलं गेली. ती छापताना आपोआप लागायची, म्हणून बाईंना पत्ताच लागला नाही. लगेच हिरवा पोपट मातकट निघाला. बाईंनी शाई बदलली, माझी शाई सोडणारी छिद्रं पुसली. तरी तेच.

"भंगार झालंय ते," नवरा म्हणाला. "नाहीतर तुझे डोळे गेलेत."

लबाड! काय पुसलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. बाई मात्र धसकल्या. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं, पण धीर खचला तो खचलाच. त्यांनी ब्रश खाली ठेवला. माझ्यावर धूळ साचली.

संगणक 'साफ' झाल्यापासूनच रंग बिघडले, हे सासूबाईंच्या ध्यानात आलं आणि शेवटी त्यांनी मुलाला गाठलं. "संगणकातून काय काय पुसलंस रे?"

"तिच्या रंगांच्या फालतू फायली होत्या."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"बोलणी कोण खाणार?"

दारात बाई उभ्या होत्या. "मी आंधळी होतेय म्हणून रडत होते," त्या म्हणाल्या. "आणि तू नुसता बघत होतास."

बाईंनी सगळी प्रोफाइलं पुन्हा बनवली, संगणकाला पासवर्ड घातला. पोपट हिरवागार निघाला.

"झालं ना नीट? आता कशाला उगाळायचं?" नवरा म्हणाला.

"रंग नीट झाले," बाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून रंगवायला बसल्या.

मित्रांनो, यंत्रावरची धूळ जरूर झटका. पण कुणाची मेहनत पुसून वर त्याच्याच डोळ्यांना नावं ठेवू नका. बाईंनी त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी केलेलं नाही.