कानात सांगायचा शब्द

“आता शब्द सांगा. अगदी हळू. भिंतीलासुद्धा कळता कामा नये.”

मित्रांनो, जन्माला आल्यावर मी ऐकलेला हा पहिला आवाज. पंचेचाळीस वर्षे झाली, तरी तो अजून कानात आहे. बँकेच्या खिडकीमागे वीस वर्षांचे क्राइनरसाहेब बसले होते, नव्या टायमध्ये अवघडलेले. खिडकीपुढे वेंडेलिन आणि त्याची बायको बुर्गी. आणि मधल्या लाकडी फळीवर मी.

मी एक जुने पासबुक आहे. ऑस्ट्रियातल्या डोंगरात, मुर नदीकाठच्या हिंटरआउ गावात माझा सारा जन्म गेला. अंगावर लाल पुठ्ठा, पोटात बत्तीस पाने, पाठीतून ओवलेला पांढरा दोरा. आमच्याकडे पासबुकावर मालकाचे नाव नसले तरी चालायचे, पण त्याला एक परवलीचा शब्द लागायचा. तो माझ्या अंगावर कुठेही लिहायचा नाही. त्याची एक नोंद बँकेच्या कपाटात राहणार, एक मालकाच्या मनात. दोन्ही जुळले तरच पैसे हातात पडायचे.

वेंडेलिन लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. दिवसभर करवतीच्या वरताण बोलायची सवय. त्याने अगदी हळू म्हणून जो शब्द सांगितला, तो रस्त्यापलीकडच्या पावाच्या दुकानात ऐकू गेला.

“आल्मा!”

आल्मा ही त्यांची गाय. पाववाली पीठभरल्या हातांनी धावत दारात आली. “काय झालं गं आल्माला? व्याली का?”

बुर्गी माझ्या पुठ्ठ्यासारखी लाल झाली. क्राइनरसाहेबांनी वहीत तोंड खुपसले. पुढे तेच सांगायचे, “या गावात निम्म्या पासबुकांचा शब्द म्हणजे गाईचं नाव. गाय विकली की माणसं आधी माझ्याकडे येतात, शब्द बदलायला. बाजाराला नंतर कळतं.”

माझे घर म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. तो कपड्यांच्या कपाटात, धुतलेल्या चादरींखाली. कपाटाच्या भिंतीपलीकडे गोठा. सकाळी बुर्गीबाई धार काढायला बसली की तिचे गाणे मला ऐकू यायचे. सात वर्षांची लिंडे, तिची एकुलती एक लेक, डोळे चोळत गोठ्याच्या दारात उभी असायची.

उठ माझ्या चिमणे, उन्हं आली गोठ्याला,
पहिल्या धारेचा फेस तुझ्याच गं ओठाला.

त्या घरात लिंडेला लिंडे म्हणून कुणी हाक मारायचेच नाही. नदीवरून बोलवायचे तरी “चिमणे”, रागवायचे तरी “चिमणे”. ऑक्टोबरच्या शेवटी बचतीचा दिवस यायचा, तेव्हा चिमणी पैसे साठवायचे आपले मातीचे डुक्कर छातीशी धरून बँकेत यायची. क्राइनरसाहेब ते तिच्यादेखत फोडायचे आणि तिला रंगीत खडूंची पेटी द्यायचे. डुकरासाठी ती रडायची, खडूंसाठी हसायची, दोन्ही एकदमच. ते दिवस आठवले की माझ्या पानांना अजून लोण्याचा वास येतो.

लिंडे सतरा वर्षांची झाली त्या वर्षी गिरणीत वेंडेलिनचा पाय ओंडक्याखाली सापडला. आणि त्याच आठवड्यात ग्रात्स शहरातून पत्र आले होते. नर्सिंगच्या शाळेत लिंडेला प्रवेश मिळाला होता. तिने ते पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि डब्यात माझ्याखाली ठेवले. दुसऱ्या सोमवारपासून ती खालच्या चीजच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. महिना भरला की पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायची आणि काही न बोलता हात धुवायला जायची.

एका संध्याकाळी मात्र ती बोलली. बुर्गीबाई मला उघडून बसली होती. लिंडे तिच्यासमोर उभी राहिली.

“आई, एकदा तरी ‘बरं केलंस’ म्हण ना.”

बुर्गीबाईने वर पाहिले. तिच्या ओठांवर काहीतरी आले होते, मी शपथेवर सांगतो. पण त्या डोंगरात गोड बोलायला माणसे लाजतात, आणि दुखावलेले माणूस समोर असले की जास्तच लाजतात.

“घरातल्या घरात कुणी असं म्हणतं का?” ती म्हणाली. “जा, गाईंना चारा घाल.”

लिंडे गेली. चारा घातला. त्या दिवसापासून त्या घरातली हाकच बदलली. आई “लिंडे” म्हणू लागली आणि लेक “हो” म्हणू लागली. चिमणी कुठे उडाली, कुणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुर्गीबाई मला पदराआड धरावे तसे शालीआड धरून एकटीच बँकेत आली.

“शब्द बदलायचाय.”

“का हो, आल्मा विकलीत?”

“हो म्हणा.”

तिने डोक्याच्या रुमालाचे टोक तोंडावर धरले आणि खिडकीत वाकून नवा शब्द सांगितला. तो मी ऐकला. पण मित्रांनो, तो मी तुम्हाला सांगणार नाही. ज्याचा शब्द, त्यानेच तो उच्चारायचा, हा आम्हा पासबुकांचा एकच धर्म.

वर्षे सरली. वेंडेलिन काठी टेकत चालू लागला आणि एका हिवाळ्यात कायमचा निजला. शिलिंग जाऊन युरो आले. लिंडे लग्न करून खाली दरीत राहायला गेली, कारखान्यात मुकादम झाली. दर रविवारी आईकडे यायची, सरपण फोडून द्यायची, जेवून जायची. बोलणे हवेचे, गाईचे, औषधांचे. आणि वर्षातून दोनदा बुर्गीबाई खिडकीत वाकून तोंडावर रुमाल धरायची. तेवढा एक शब्द बोलून आली की घरी येईपर्यंत ती हलकी चालायची. त्या दोन दिवसांसाठी मी तिचा फार ऋणी आहे.

यंदा उन्हाळ्यात बँकेचे पत्र आले. गावातली शाखा बचतीच्या दिवशी बंद होणार. सगळ्यांनी खाते मोबाइलवर न्यावे.

लिंडे नवा मोबाइल घेऊन आली. बुर्गीबाईने हाताचे भोपळ्याच्या बियांचे तेल पुसले आणि टेबलाशी ताठ बसली. मोबाइलला तिचा चेहरा हवा होता. आधी डावीकडे वळा, मग उजवीकडे.

“हा काय गाय विकत घेतोय का?” बुर्गीबाई म्हणाली. “दात पण दाखवू?”

“आई, हलू नकोस गं!”

मग त्याने पासवर्ड मागितला. बुर्गीबाईने चटकन रुमाल तोंडावर धरला आणि मोबाइलपाशी वाकून काहीतरी कुजबुजली. लिंडे हसत सुटली. “अगं, त्याला ऐकू येत नाही, लिहावं लागतं!” आईसुद्धा हसली. कितीतरी वर्षांनी मी त्या दोघींचे हसणे एकत्र ऐकले. मोबाइलचे मला तिथेच कौतुक वाटले.

“आता या जुन्या पासबुकातलं इकडे आणायचं,” लिंडे म्हणाली. “त्याचा शब्द काय आहे?”

हसणे थांबले.

“विसरले,” बुर्गीबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी विचारले, तरी “विसरले”. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. लिंडेचा चेहरा उतरत गेला. एके दिवशी ओसरीत ती डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. “पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या गाईचं नाव आठवतं, पण हा शब्द नाही. मला भीती वाटतेय, डॉक्टर. आईला वर एकटीला ठेवणं आता बरं नाही.”

बुर्गीबाई कपाटाशी चादरींच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. तिने डबा उघडला, मला बाहेर काढले आणि बराच वेळ नुसते धरून ठेवले. तो शब्द न सांगावा तर घर सुटणार होते. सांगावा तर लेकीसमोर सांगावा लागणार होता.

बचतीच्या दिवशी बँकेत खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या. क्राइनरसाहेबांचाही शेवटचा दिवस. केस पांढरे, टाय तसाच अवघडलेला. लिंडे मोबाइलवर आकडे यायची वाट पाहत आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडच्या काचेपाशी उभी होती, कारण रेंज तिथेच मिळत होती.

“शब्द, बुर्गीबाई.”

तिने रुमाल धरला. कुजबुजली.

“अं?” साहेबांनी कानामागे हात नेला. “कानाचं यंत्र आज घरीच राहिलंय हो.”

ती पुन्हा कुजबुजली.

“मोठ्यानं, बाई! वेंडेलिनसारखं!”

“आई, नसेल आठवत तर राहू दे,” लिंडे मागे न वळता म्हणाली. “आपण अर्ज करू. डॉक्टरांचा दाखला...”

बुर्गीबाईने रुमाल खाली केला.

“चिमणे!”

“काय गं?” म्हणत लिंडे गर्रकन वळली. ओ देऊन झाल्यावर तिला कळले की आपण ओ दिली आहे.

क्राइनरसाहेबांनी कपाटातल्या कार्डावर बोट ठेवले. “जुळला.”

लिंडे एकदा त्यांच्याकडे, एकदा आईकडे पाहत राहिली. “हा? हा शब्द होता?”

“पस्तीस वर्षं हाच,” साहेब म्हणाले. “मला वाटलं, नवी गाय. मनात म्हणायचो, भलतीच टिकली!”

मोबाइलवर आकडे आले, माझ्यातले सारे तिकडे गेले. साहेबांनी माझ्या कोपऱ्यात तीन भोके पाडली आणि मला दोन्ही हातांनी बुर्गीबाईला परत दिले. दुखले नाही. खरे सांगतो, दुखले नाही.

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. ज्या हातांनी मला धरले, त्यांचे आभार मानावेत एवढेच आता उरले आहे, आणि त्या मोबाइलचेही. त्याच्यामुळेच तर माझा शब्द खिडकीबाहेर पडला. माझ्या पानांत ठेवलेल्यावर व्याज चढायचे. घरातल्या माणसासाठी मनात ठेवलेल्या शब्दावर चढत नाही. तो ज्याचा त्याला वेळेवर देत जा.

लिंडेने गाडीत बसून किल्ली लावली, पण फिरवली नाही. बुर्गीबाईच्या मांडीवर मी होतो. माझ्या भोकांवरून तिचा अंगठा फिरत होता. माझ्या शेवटच्या पानाच्या घडीतून डब्यातले ग्रात्सचे ते पत्र, आता पिवळे पडलेले, डोकावत होते. तिने ते पुठ्ठ्याखाली नीट सारले.

“तेव्हा मी चारा घाल म्हटलं,” ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. “ते म्हणायचं नव्हतं मला.”

लिंडेचा हात किल्लीवरून खाली आला.

“बरं केलंस, चिमणे. फार बरं केलंस.”